आडोसा

घोडनदीच्या घरातून निघताना आईनं पिशवी उंबऱ्यात ठेवली आणि ती परत आत वळली. अर्ध्या तासातली ही तिसरी खेप. वय ब्याऐंशी, वीस वर्षांचा मधुमेह, गुडघे धरलेले. “आई, रिक्षा थांबलीय,” मी हाक दिली. आतून उत्तर आलं, “थांबू दे गं. पुढं दौंडपर्यंत काही नाही.”

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. माझं माहेर शिरूर, सासर दौंड. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात, नदीवरून पडलेलं नाव. १९८९ साली लग्न झालं, तेव्हापासून या रस्त्यानं किती वेळा गेले-आले त्याचा हिशेब नाही. न्हावरा, पारगावचा पूल, केडगाव, चौफुला, वरवंड, पाटस, मग दौंड. ही गावं जशी पाठ आहेत, तशीच त्या त्या ठिकाणी बाईमाणसाला जायला जागा कुठं होती आणि ती कधी गेली, हेही पाठ आहे. माझ्या मुलाच्या साखरपुड्यासाठी या मार्गशीर्षात आईला दौंडला नेलं. भाऊ म्हणत होता गाडी करून जा, पण आईनं ऐकलं नाही. “एसटी फुकट असताना गाडीला पैसे कशाला?” असं तिचं म्हणणं.

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून फुकट झाला आणि बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट. या दोन निर्णयांनी आमच्या भागातल्या बायका घराबाहेर पडल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पूर्वी माहेरी जायचं म्हटलं तर तिकिटाचे पैसे मागावे लागायचे. आता बायका दवाखान्यात, देवाला, लेकीकडं, बँकेत आपल्या आपण जातात. त्या दिवशीही गाडीत पुढपासून मागपर्यंत बायकाच होत्या. पेन्शनच्या कामाला निघालेली एक, नातवाला घेऊन निघालेल्या दोघी, कॉलेजच्या पाच-सहा मुली. पण घराबाहेर पडलेल्या बाईला वाटेत लघवी लागेल, एवढी साधी गोष्ट ही सोय करताना कुणी धरलेली दिसत नाही.

मी बाटली पुढं केली. आईनं मान हलवली. कंडक्टर तिशीची मुलगी होती. आईचं तिकीट देताना तिनं ते पाहिलं. “आज्जी, घोटभर तरी प्या. ऊन आहे, चक्कर येईल.”

“पिईन गं बाई. पण मग जाऊ कुठं?”

ती पुढच्या सीटच्या दांड्याला टेकून उभी राहिली. “खरंय आज्जी तुमचं. मी पण ड्युटीवर पाणी पीत नाही. मागच्या वर्षी मूतखडा झाला. डॉक्टर म्हणाले रोज तीन लिटर प्या. म्हटलं, साहेब, तीन लिटर प्यायला माझी हरकत नाही.” पुढचं तिनं सांगितलं नाही आणि आम्हाला सांगायची गरजही नव्हती.

मग तिकिटं संपवून ती आमच्याशेजारी येऊन बसली आणि एक एक जागा सांगत गेली. या मार्गावर एक शाळा आहे, तिथल्या शिपाईमावशी ओळखीच्या आहेत, सुट्टीच्या दिवशी मात्र कुलूप. एका पेट्रोल पंपावर स्वच्छ आहे, पण चावी मालकाकडं असते आणि तो दुपारी जेवायला घरी जातो. एका फाट्यावर नवं शौचालय बांधलंय, त्याला उद्घाटन झाल्यापासून पाणी नाही. एका अंगणवाडीच्या ताई कधीच नाही म्हणत नाहीत. कुठल्या हॉटेलात चहा न घेता जाऊ देतात, कुठं दाराची कडी मोडलीय, कुठं दिवसाउजेडीसुद्धा एकटीनं जाऊ नये. सगळा मार्ग तिच्या डोक्यात असा मांडलेला होता. नवी मुलगी कामावर आली की तिला ही पहिल्यांदा हेच सांगते, तिकिटाचं मशीन नंतर.

ही यादी ऐकताना माझ्या मनात आलं की हिच्यातली एकही जागा हक्काची नाही. सगळ्या कुणाच्या तरी चांगुलपणावर उभ्या आहेत. पंपाचं घ्या. पंपावर हवा, पाणी आणि शौचालय फुकट मिळालं पाहिजे हा तेल कंपन्यांचाच नियम. तरी बाई तिथं गेली की उपकार मागायला आल्यासारखी उभी राहते.

लहानपणी घोडनदीत आमच्या वाड्यात टोपलीचा संडास होता. मागच्या बोळातून एक बाई यायची, टोपली काढायची, डोक्यावर घेऊन जायची. तिला आम्ही कधी नावानं हाक मारली नाही. तिचं नाव मला ठाऊकच नव्हतं, आणि याची लाज मला फार उशिरा वाटली. हे काम करून घ्यायला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला आणि तो पुरेसा ठरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. ज्यांच्या घरी टोपलीसुद्धा नव्हती त्या बायका पहाटेच्या अंधारात टमरेल घेऊन नदीकडं जायच्या. बाभळी होत्या, घाणेरीची झुडपं होती, निवडुंगाची दाट रांग होती. तोच आडोसा. थंडीत ठीक, पावसाळ्यात विंचूकाटा, आणि उजाडलं की दिवसभर पोट दाबून बसायचं. त्या दिवसांची मला अजिबात ओढ नाही. गावं हागणदारीमुक्त झाली हे चांगलंच झालं. संत गाडगेबाबांच्या नावानं २००० साली निघालेलं ग्रामस्वच्छता अभियान, मग निर्मल ग्राम, मग २०१४ पासून स्वच्छ भारत. या सगळ्यांतून घरोघर संडास आले, आणि माझ्या आईच्या पिढीच्या बायकांना विचाराल तर आयुष्यातली सर्वांत मोठी सुधारणा म्हणून त्या दिव्याच्या आधी संडासाचं नाव घेतील.

पण मोजलं गेलं ते घर. कुटुंब किती, संडास किती, झालं गाव मुक्त. जी बाई त्या घडीला घरात नाही, बाजारात भाजी विकते, स्टँडवर गाडीची वाट बघते, दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलीय, ती या मोजणीत कुठंच आली नाही. दुसरीकडं मोकळी राहिलेली रानं प्लॉटिंगमध्ये गेली, ओढ्यांना भिंती आल्या, रस्ता रुंद होताना कडेच्या बाभळी गेल्या. जुना आडोसा गेला, ते बरंच झालं. त्याच्या जागी यायला हवा होता तो आला नाही.

आणि होत्या त्या मुताऱ्याही गेल्या. माझं आजोळ एका बाजारगावात होतं. नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका गावाची नाही. बाजाराच्या कडेला दगडी मुतारी होती. पुढं पुरुषांची, मागं आडवी भिंत घालून बायकांची, दोन खणांची, वर छप्पर नाही. वास यायचा, पण सकाळी धुतलेली असायची आणि चुन्याची पांढरी रेघ ओली दिसायची. बाजारच्या दिवशी मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या बायका पाटी शेजारणीच्या हवाली करून तिथं जायच्या. मी कॉलेजात असताना तिथं व्यापारी संकुल उठलं. मागच्या बाजूला शौचालय दाखवलं होतं, बांधलंही होतं. त्याची किल्ली आधी वॉचमनकडं गेली, मग एका दुकानदाराकडं, आणि काही वर्षांनी मी गेले तर आत रंगाचे डबे आणि पोती रचलेली. गाळ्याचं भाडं येतं, मुतारीचं येत नाही. बाजारात बसणाऱ्या बायका आता काय करतात म्हणून विचारलं, तर एक म्हणाली, “सकाळी चहा पीत नाही.”

पुरुषांचं अडलं नाही. भिंत दिसली की ते उभे राहतात. भिंत खराब होऊ नये म्हणून लोक तिच्यावर देवांच्या फरशा लावतात. भिंतीची काळजी घेणारी माणसं जागोजाग आहेत, तशी या बायकांची काळजी घेणारं कुणी असावं एवढंच मला वाटतं.

न्हावऱ्याला गाडी थांबली आणि एक ऊसतोड बाई चढली. कडेवर तापलेलं मूल. चौफुल्याच्या दवाखान्यात निघाली होती. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके उसाचे. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठचा हा सगळा पट्टा दिवाळीनंतर कोयत्याच्या माणसांनी भरून जातो. रस्त्याकडेला पाचटाच्या, प्लास्टिकच्या कोप्या पडतात. ही बीडकडची होती. मूल आईच्या मांडीवर दिलं तिनं, आणि बोलता बोलता मी तिला विचारलं.

“कुठं जाव ताई? उसातच. फड उभा हाय तवर हाय. फड सरला की आडोसाबी सरला.”

“मग?”

“मग अंधार पडायची वाट बगायची.”

म्हणजे रोज स्वतःच्याच कोयत्यानं ती आपला आडोसा तोडत पुढं सरकते. माझ्या डोळ्यांपुढून ते अजून हलत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न २०१९ साली पुढं आला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. कारणं बरीच आहेत: पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं, पैशासाठी शस्त्रक्रिया सुचवणारे दवाखाने. पण अंघोळीला, कपडा बदलायला, लघवीला सहा-सहा महिने जागा नसणं हेही त्या दुखण्याच्या मुळाशी आहे. माझ्या शेजारी बसलेल्या त्या बाईचं वय पंचविशीच्या आतलं असेल. तिनं सहज सांगितलं की तिच्या टोळीतल्या दोघींची ‘पिशवी काढलीय’.

पारगावचा पूल आला. खाली भीमा. पुण्याचं सगळं सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा इथून जवळच भीमेला मिळते. त्याच्याही वर तुळापूरला इंद्रायणी मिळालेली असते, आणि इंद्रायणी म्हटलं की देहू. तुकोबांचं देहू, पण मला या पुलावर आठवण झाली ती डॉ. मापुसकरांची. १९५९ च्या सुमाराला हा तरुण डॉक्टर देहूच्या सरकारी दवाखान्यात आला. रोगी तेच ते, हगवण, जंत, विषमज्वर. औषध देऊन भागणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि ते संडास बांधण्याच्या मागं लागले. सुरुवातीचे संडास पावसात खचले. लोकांनी नावं ठेवली. ते कोकणात, संडास-सफाईचं काम करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांकडं गेले, शिकले, पुन्हा आले, आणि पुढची वीस वर्षं एकेक घर पटवत राहिले, देहू पुरं होईतो. मैल्यातून गॅस काढायचे प्रकल्पही त्यांनी उभे केले. २०१५ साली ते गेले, २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या जिल्ह्यात एका डॉक्टरनं वीस वर्षं या कामाला दिली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी. लोकांची सवय, लाज, जात, पैसा, सगळं आड आलं तरी हे काम होतं, हे त्यांनी देहूत करून दाखवलं आहे.

केडगाव मागं टाकताना आई नेहमीसारखी खिडकीतून मुक्ती मिशनच्या दिशेला बघून हात जोडते. दुष्काळात टाकलेल्या, विधवा झालेल्या शेकडो बायकांना पंडिता रमाबाईंनी इथं छप्पर दिलं, आणि १९२२ साली त्या इथंच वारल्या. आईच्या आजीची कुणी नातेवाईक तिथं वाचली होती, एवढंच तिला ठाऊक आहे.

या वेळी मात्र तिनं हात जोडले नाहीत. ती ओठ मिटून, पदर मुठीत धरून बसली होती. “किती लांब आहे गं चौफुला?”

चौफुल्याला उतरलो. पुणे-सोलापूर महामार्ग, चार दिशांच्या गाड्या, ऊसाचे ट्रॅक्टर, हॉटेलं, लावणीची कला केंद्रं. या चौकात दिवसाला किती हजार माणसं उतरत-चढत असतील. मी आईचा हात धरून पहिल्या हॉटेलात गेले. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, बाथरूम गिऱ्हाइकांना आहे. मी चहा सांगितला. मग त्यानं मागं बोट दाखवलं. मागं गेलो तर दोन दारं, एका दाराला कुलूप, दुसरं पुरुषांचं आणि आत दोघं-तिघं उभे. आई तिथंच भिंतीला टेकली. तिच्या चेहऱ्यावरची ती लाचारी मी आधी कधी बघितली नव्हती. पाच लेकरं वाढवलेली, घरात शब्दाला वजन असलेली बाई, आणि मूठभर जागेसाठी तिची ही दशा.

भाकरी थापणाऱ्या मावशीनं आतून पाहिलं. काही विचारलं नाही. परात सरकवली, उठली आणि म्हणाली, “या आजी माझ्यासंगं.” हॉटेलामागं पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यांतली एक तिची. तिच्या पलीकडं तट्ट्याचा आडोसा करून केलेला संडास. पाण्याची बादली तिनं स्वतः भरून आत ठेवली. दाराला कडी नव्हती. तिनं दाराकडं पाठ केली आणि हात मागं नेऊन दार धरून ठेवलं. पत्र्याच्या निळ्या दारावर तिच्या बाजरीच्या पिठानं भरलेल्या पाचही बोटांचे ठसे उमटलेले मला अजून दिसतात. आईला वेळ लागला. गुडघे वाकत नाहीत, मी आत धरायला गेले. बाहेरून ती बाई म्हणत होती, “सावकाश होऊ द्या, घाई न्हाई.” तव्यावरची तिची भाकरी तोवर करपली असणार.

मी पैसे पुढं केले ते तिनं घेतले नाहीत. “रोज दोघी-तिघी येत्यात ताई. कुठं जातील?” चौकात उतरणाऱ्या हजारो माणसांची सोय त्या घडीला त्या एका बाईच्या खोलीमागच्या तट्ट्यावर चालली होती.

विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेलं ‘मिळून साऱ्याजणी’ मासिक आमच्या पिढीच्या बायकांनी घराघरांत वाचलं. त्याच ‘मिळून साऱ्याजणी’नं मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली की रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छतागृहं नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे यांनी निकाल दिला. रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृह असणं हा सन्मानानं जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं मानून राज्यातल्या महानगरपालिकांना ती बांधायला सांगितलं. त्याआधी २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ सुरू होतीच. चेंबूर-गोवंडीकडच्या वस्त्यांतल्या बायका मोजमाप करत हिंडल्या होत्या, कुठं पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे पडतात ते लिहून काढत होत्या. हा निकाल वाचला तेव्हा मला फार आनंद झाला होता. मग लक्षात आलं की तो महानगरपालिकांना आहे. चौफुल्याला महानगरपालिका नाही. न्हावऱ्याला नाही, पाटसला नाही. शिरूर आणि दौंडला आहेत त्या नगरपरिषदा. शहरात राहणाऱ्या बाईचा हक्क कोर्टानं सांगितला, आणि दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर ती आली की हक्क संपला असा अर्थ निघाला तर तो चुकीचा आहे. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या बांधणं, सांभाळणं हे अनिवार्य कर्तव्यांत घातलेलं आहे. दिवाबत्ती, झाडलोट यांच्या बरोबरीनं. पैसे उरले तर करायच्या कामांच्या यादीत ते नाही.

आणि पैसे-जागा नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आषाढीच्या आधी याच रस्त्यावर येऊन बघावं. तुकोबांची पालखी यवतला मुक्काम करते, पुढचा मुक्काम वरवंडला. यवतकर लाखो वारकऱ्यांना पिठलं-भाकरी घालतात, ही त्यांची पिढ्यांची रीत. पूर्वी पालखी हलली की मागं राहिलेल्या घाणीत गावाला पंधरा दिवस काढावे लागायचे. २०१५ पासून ‘निर्मल वारी’ सुरू झाली, सेवा सहयोग ही संस्था आणि शासन मिळून मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं मांडू लागले, स्वयंसेवक पहाटे शिट्ट्या वाजवत उभे राहू लागले. माझी जाऊ दरवर्षी वारी करते. ती सांगते, म्हाताऱ्या बाया आता वाटेत पाणी पितात. एका रात्रीपुरतं लाखो माणसांसाठी जे गाव करून दाखवतं, त्याला वर्षभर चौकातल्या चार खणांची सोय जड जाणार नाही. करायचं म्हटलं की होतं हे यवत-वरवंडनं सिद्ध केलेलं आहे.

चौफुल्याहून पुन्हा एसटीत बसलो. पाटसचा टोलनाका आला. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यांवर शौचालयं असतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये महामार्ग प्राधिकरणानं योजना काढली होती की नाक्यावरच्या अस्वच्छ शौचालयाचा फोटो पाठवा, एक हजार रुपये फास्टॅगमध्ये जमा होतील. चांगली योजना. पण फास्टॅग ज्याच्या काचेवर आहे त्याची. आमची एसटी नाक्यावर थांबत नाही. आईनं खिडकीतून नाका जाताना पाहिला, इतकंच.

दौंड म्हणजे रेल्वे. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग झाला आणि भीमेकाठचं हे गाव जंक्शन होऊन बसलं. माझ्या सासरची दोन माणसं रेल्वेत निवृत्त झाली. आमच्या गल्लीत ड्रायव्हर, गार्ड, गँगमन यांचीच घरं जास्त. त्यामुळं इंजिनात शौचालय नसतं हे मला लग्नानंतर पहिल्या वर्षीच कळलं. पुरुष कसंबसं निभावून नेत. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८० च्या दशकाच्या शेवटी रेल्वेत आल्या आणि भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. मार्च २०२३ मध्ये त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, ती दौंडवरूनच गेली. आमच्या गल्लीतल्या पोरी बघायला गेल्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. छत्तीस-सदतीस वर्षांची नोकरी, आणि त्यातली बहुतेक वर्षं ज्या इंजिनांवर गेली त्यांत बाईला जायला जागा नव्हती. आता काही नव्या इंजिनांत ती करू लागले आहेत. सत्काराच्या भाषणांत याचा उल्लेख झालेला मी ऐकला नाही, म्हणून इथं लिहिते.

रिक्षानं कुरकुंभ मोरीतल्या गर्दीतून घरी पोचायला अर्धा तास गेला. सून होऊ घातलेली मुलगी दारात ओवाळायला उभी होती. आईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि ती सरळ आत गेली. बाहेर आली ती ओट्याजवळ उभं राहून दोन तांबे पाणी प्यायली, मधे श्वास न घेता. मग खाली बसली आणि मुलीला जवळ बोलावून विचारलं, “तुमच्या ऑफिसात आहे ना गं बाथरूम?”

आपल्याकडं पाणपोई घालणं पुण्याचं मानतात. नवसाच्या, आईवडिलांच्या नावानं लोक पाणपोया बांधतात, उन्हाळ्यात रांजण भरतात, पाटीवर नाव घालतात. त्याच हौसेनं कुणी आपल्या आईच्या नावानं स्टँडवर बायकांची मुतारी बांधली, तिला पाणी, कडी, दिवा दिला आणि ती धुणाऱ्या बाईचा पगार नेमून दिला, तर मी त्या माणसाच्या पाया पडेन. पण हे काम दानावर सोडायचं नाही. ते गावाचं आहे.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते, आणि तिच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. वाचणारी जी कुणी बाई त्या सभेला जाईल, तिनं दोन प्रश्न विचारावेत: आपल्या गावच्या स्टँडवर परगावच्या बाईला जायला जागा कुठं आहे, आणि तिची किल्ली कुणाकडं आहे? उत्तर तोंडी घेऊ नका, प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या.